धाराशिव जिल्ह्यातील हंगामी स्थलांतरितांचे सक्षमीकरण : सामूहिक उपक्रम आणि बहुभाषिक माध्यमे

प्रास्ताविक

स्थलांतर ही मानवी समाजाची जुनी प्रक्रिया आहे. उपजीविका, शिक्षण, सुरक्षितता व चांगल्या जीवनाची अपेक्षा यांसाठी माणूस आपले गाव सोडतो. परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या स्थलांतराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्याच्याजवळ शिक्षण, संपर्काची साधने व संघटना असतात. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. त्यातून अधिवेशने, मराठी शाळा व नियतकालिके यांचे जाळे उभे राहिले. परक्या भाषेच्या प्रदेशात टिकून राहण्यासाठी स्वतःच्या भाषेतील संवादाची गरज असते, हे त्या स्थलांतरितांनी ओळखले होते.

हीच गरज दसरा-दिवाळीनंतर वाशी, भूम, कळंब व परंडा भागातून कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबालाही असते. ते कुटुंब सोलापूर, सांगली, कोल्हापूर ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजयपूरच्या फडावर जाते, तेव्हा त्याचे राज्य, भाषा, शाळा, दवाखाना व शिधावाटप दुकान हे सर्व एका रात्रीत बदलते. या कुटुंबासाठी मंडळ नाही, नियतकालिक नाही आणि त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारे माध्यमही जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील हंगामी स्थलांतरित, विशेषतः ऊसतोड कामगार, यांच्या संदर्भात सामूहिक उपक्रम व बहुभाषिक माध्यमे यांची भूमिका स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

१) हंगामी स्थलांतरितांच्या दुर्बलतेचा माहिती व भाषा यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रात व अन्यत्र झालेल्या सामूहिक उपक्रमांचा व माध्यम-प्रयोगांचा आढावा घेणे.
३) धाराशिव जिल्ह्याच्या परिस्थितीस अनुरूप असा मार्ग सुचविणे व त्यात महाविद्यालयांचे स्थान निश्चित करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो कायदे, शासकीय निर्णय व प्रकाशित माहिती या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. यासाठी स्वतंत्र सर्वेक्षण केलेले नाही.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

‘सक्षमीकरण’ हा शब्द अलीकडे इतका वापरला जातो की त्याचा अर्थ पातळ झाला आहे. या लेखापुरता तो मर्यादित अर्थाने घेतला आहे. आपल्या कामाचा दर, हिशोब, हक्क व उपलब्ध सेवा यांची माहिती स्थलांतरिताला स्वतःच्या भाषेत मिळणे, त्या माहितीच्या आधारे त्याला प्रश्न विचारता येणे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळणे, या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या तर सक्षमीकरण झाले असे म्हणता येईल. केवळ पहिली पायरी म्हणजे प्रचार होय.

‘सामूहिक उपक्रम’ म्हणजे गाव, तांडा, बचत गट, संघटना, शाळा किंवा संस्था यांनी मिळून केलेले संघटित प्रयत्न. ‘बहुभाषिक माध्यम’ म्हणजे एकच मजकूर अनेक भाषांत छापणारे माध्यम नव्हे. वापरणारा ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत ज्याच्याशी त्याला बोलता येते व ज्याच्याकडून त्याला ऐकता येते, ते माध्यम येथे अभिप्रेत आहे.

स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. मातृभाषेतील वृत्तपत्र स्थलांतरिताला नव्या समाजापासून केवळ दूर ठेवते, ही तत्कालीन भीती त्यांनी तपासून पाहिली. असे वृत्तपत्र नव्या समाजात प्रवेश करण्याचे साधनही ठरते, हे त्यांनी दाखविले. आपल्या प्रश्नालाही हा विचार लागू पडतो. ऊसतोड कामगाराला त्याच्या भाषेत माहिती देणे म्हणजे त्याला कन्नड मुलखापासून तोडणे नव्हे, तर तेथे उभे राहण्यासाठी आधार देणे होय.

धाराशिव जिल्ह्याची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू या चार भाषा बोलणारी प्रजा होती. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. सामान्य शेतकऱ्याचा व्यवहार एका भाषेत आणि त्याच्या जमिनीचा कागद दुसऱ्या भाषेत, हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. उमरगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्याने तेथे मराठीबरोबर कन्नड व दखनी बोलीही कानावर पडते. जिल्ह्यातील तांड्यांवर गोरमाटी अर्थात बंजारा भाषा बोलली जाते.

जिल्हा अवर्षणप्रवण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील हलक्या जमिनी, बेभरवशाचा पाऊस व अपुरे सिंचन यांमुळे खरिपानंतर अनेक कुटुंबांच्या हाताला काम राहत नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही वृद्धांच्या बोलण्यात येते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने ज्या जिल्ह्यांचा ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून समावेश केला, त्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली व वाशीम यांच्याबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्हाही होता. विशेष म्हणजे जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि जिल्ह्यातून ऊसतोड कामगारही बाहेर जातात. म्हणजे हा जिल्हा स्थलांतरितांना पाठविणारा व त्यांना सामावून घेणारा असा दोन्ही प्रकारचा आहे.

ऊसतोडीची व्यवस्था व माहितीची कोंडी

ऊसतोडीच्या व्यवस्थेत पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पावसाळ्याच्या सुमारास मुकादम या जोडीला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो. हंगामात तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ही उचल फेडली जाते. दर आठवड्याला किराणामालासाठी मिळणारी ‘खर्ची’ हिशोबातून वजा होते. काम बुडाल्यास ‘खाडा’ लावला जातो. कारखाना व कामगार यांच्यात बहुधा थेट लेखी करार नसतो. वाहतूक कंत्राटदार व मुकादम मध्ये असतात. संपूर्ण व्यवहार तोंडी शब्दावर, तर हिशोब मुकादमाच्या वहीवर चालतो. ज्याच्या हाती वही त्याच्या हाती माहिती, आणि ज्याच्या हाती माहिती त्याच्या हाती सत्ता, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे.

माहितीचे मोल किती असते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील साखर कारखाने व ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात ३४ टक्के दरवाढीचा समझोता झाला. त्यानुसार तोडणीचा मूळ दर प्रतिटन सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडीने १ लाख रुपये उचल घेतली आहे व ती दररोज सरासरी २ टन ऊस तोडते. जुन्या दराने तिची रोजची मजुरी ५४६ रुपये होते व उचल फिटण्यास सुमारे १८३ दिवस लागतात. म्हणजे पाच महिन्यांच्या हंगामात ती फिटतच नाही. नव्या दराने रोजची मजुरी ७३२ रुपये होते व सुमारे १३७ दिवसांत उचल फिटते. दोहोंत ४६ दिवसांच्या श्रमाचे अंतर आहे. यात खर्ची, खाडे व वाहतुकीच्या प्रकारानुसार होणारे बदल धरलेले नाहीत. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. दर वाढल्याची बातमी ज्याच्यापर्यंत पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही ज्याला हा हिशोब मांडता आला नाही, त्याच्यासाठी दरवाढ कागदावरच राहू शकते. शिवाय हा समझोता महाराष्ट्रातील कारखान्यांपुरता आहे. कर्नाटकात जाणाऱ्या टोळीला तेथील दर वेगळा समजून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीची भाषा तिला येत नसते.

उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ या कायद्याने कर्जापोटी सक्तीने श्रम करवून घेणे बेकायदेशीर ठरविले आहे. परंतु कोणती उचल हा आगाऊ मजुरीचा व्यवहार आहे आणि कोठून पुढे ती वेठ बनते, हे कामगाराला सांगणारे कोणीही फडावर नसते.

भाषा हा मध्यवर्ती प्रश्न

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ मध्ये एक महत्त्वाची तरतूद होती. कंत्राटदाराने प्रत्येक आंतरराज्य स्थलांतरित कामगाराला छायाचित्र असलेले पासबुक द्यावे आणि कामाचे ठिकाण, कालावधी, मजुरीचा दर व ती देण्याची पद्धत हा तपशील त्यात हिंदी व इंग्रजीबरोबरच, कामगाराची भाषा वेगळी असल्यास, त्याच्या भाषेतही लिहावा, अशी ही तरतूद होती. म्हणजे भाषा हा कामगाराच्या संरक्षणाचा भाग आहे, हे तत्त्व कायद्याने चार दशकांपूर्वीच मान्य केले होते. हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुन्या कायद्यातील विस्थापन भत्ता नव्या संहितेत राहिलेला नाही. प्रवास भत्ता व आंतरराज्य स्थलांतरितांसाठी निःशुल्क दूरध्वनी मदतसेवा या तरतुदी मात्र तिच्यात आहेत. या मदतसेवेवर वाशी तालुक्यातील बाईने बागलकोटहून दूरध्वनी केला, तर पलीकडचा माणूस कोणत्या भाषेत उत्तर देईल, हा खरा प्रश्न आहे.

गोरमाटी भाषेचे उदाहरण विशेष बोलके आहे. बंजारा समाज महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा या तिन्ही राज्यांत पसरलेला आहे. गोरमाटीला सर्वमान्य अशी स्वतंत्र लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत व तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. आठव्या परिशिष्टात तिचा समावेश नाही आणि जनगणनेत ती हिंदीच्या अंतर्गत मोजली जाते. हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती व तेलंगणात अनुसूचित जमाती या प्रवर्गात मोडतो. त्यामुळे सीमेपलीकडील नातेवाइकाला मिळणारी योजना आपल्याला का मिळत नाही, हे तांड्यावरील माणसाला उलगडत नाही. पण या परिस्थितीला दुसरी बाजूही आहे. उमरगा तालुक्यातील तांड्यावरची मराठी सीमेपाशी अडखळते; गोरमाटी मात्र सीमा ओलांडून थेट विजयपूरच्या तांड्यापर्यंत जाते. शासनदरबारी जिला स्थान नाही, तीच भाषा या स्थलांतरितांची खरी आंतरराज्य भाषा आहे. ती प्रामुख्याने बोलली जात असल्याने तिच्यासाठी छापील नव्हे, तर ध्वनिमाध्यमच उपयुक्त ठरते.

मुलांच्या बाबतीत भाषेचा प्रश्न अधिक तीव्र होतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार स्थलांतरित कुटुंबातील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण देण्याचे तत्त्वही त्यात आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नड मुलखात आणखी आत गेल्यावर मात्र पाच महिन्यांसाठी आलेले मराठी किंवा गोरमाटी भाषक मूल वर्गात बसले तरी मुकेच राहते.

सामूहिक उपक्रमांचा आढावा

अ) साखर शाळा व हंगामी वसतिगृहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याच्या तळावर भरणाऱ्या साखर शाळांचा उपक्रम ‘जनार्थ’ या संस्थेने मोठ्या प्रमाणावर राबविला. शिक्षण हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर मुलांनी नियमित शाळेतच शिकावे या भूमिकेवर भर आला. आई-वडील फडावर व मूल गावी, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तिच्यात ४१ तालुक्यांत प्रत्येकी दोन याप्रमाणे ८२ वसतिगृहांची तरतूद असून धाराशिव जिल्ह्याचाही समावेश आहे. या योजनांमुळे मूल स्वतःच्या भाषेच्या शाळेत राहते, हा मोठाच लाभ होय.

आ) कल्याण महामंडळ : लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप झालेल्या उसावर प्रतिटन १० रुपये कारखान्यांनी व तितकीच रक्कम शासनाने द्यावी, असे सूत्र ठरले. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे कामही सुरू झाले. ‘मी ऊसतोड कामगार आहे’ असे सांगणारा कागद प्रथमच हाती येणे, हे सक्षमीकरणाचे पहिले पाऊल आहे.

इ) संवाद सहायक : या जिल्ह्याने स्वतःच निर्माण केलेले एक उदाहरण आपण विसरत चाललो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. उमरगा-लोहारा भागातील सास्तूरसारख्या गावांनी तो आघात सोसला. पुनर्वसन कार्यक्रमात घरदुरुस्ती व मजबुतीकरणाच्या टप्प्यावर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. अनुदान किती, हप्ता कधी, भिंत कशी बांधावी ही माहिती घरोघरी सांगायची आणि लोकांच्या अडचणी अभियंते व अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, असे त्यांचे काम होते. दोन्ही जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत ही पद्धत वापरली गेली. शासनाची भाषा व गावाची भाषा यांमधील दुभाष्या म्हणून गावातीलच बाई काम करू शकते, हे तिने सिद्ध केले. ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीत अशी एक संवाद सहायक असू शकत नाही काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

स्त्रियांचा विचार आणखी एका कारणाने आवश्यक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळून आले. खाड्याची भीती, फडावर स्वच्छतागृहांचा अभाव व शस्त्रक्रियेच्या परिणामांविषयीचे अज्ञान ही कारणे त्या चर्चेत पुढे आली. आपल्या भाषेत, विश्वासू स्त्रीच्या तोंडून मिळालेला आरोग्यविषयक सल्ला किती अमूल्य असतो, हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बहुभाषिक माध्यमांचे प्रयोग

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा मार्ग खुला झाला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी झहीराबादजवळील माचनूर येथे ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. दलित शेतकरी स्त्रियांनी आपल्या तेलुगू बोलीत चालविलेले हे केंद्र आहे. नळदुर्ग व उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरच झहीराबाद आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र अशाच दुष्काळी भागात उभे राहिले.

स्थलांतरितांच्या मुक्कामाच्या ठिकाणी चालणाऱ्या माध्यमाचे उदाहरण म्हणून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘गुडगाव की आवाज’ या केंद्राचा उल्लेख करता येईल. मूळ रहिवासी व बाहेरून आलेले कामगार यांना एकाच केंद्रावर आणण्याचा तो प्रयत्न होता. केरळ राज्य साक्षरता मिशनच्या ‘चंगाती’ उपक्रमात स्थलांतरित कामगारांना मल्याळम शिकविण्यासाठी ‘हमारी मलयालम’ हे पुस्तक तयार करण्यात आले. एर्नाकुलम जिल्ह्यातील ‘रोशनी’ प्रकल्पात स्थलांतरितांच्या मुलांना त्यांची भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांच्या मदतीने शाळेत रुळविण्यात आले. पाहुण्याची भाषा शिकण्याची जबाबदारी यजमानानेही उचलावी, असा त्यामागील विचार आहे.

सामुदायिक रेडिओला मात्र एक अंगभूत मर्यादा आहे. त्याचे प्रक्षेपण साधारणतः दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात ऐकू येते. गाव एका ठिकाणी असते, पण टोळी दर काही दिवसांनी फड बदलते. त्यामुळे तिच्यासाठी दूरध्वनीवरील ध्वनिसेवा अधिक उपयुक्त ठरते. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या प्रयोगात माणूस साध्या भ्रमणध्वनीवरून ठरावीक क्रमांक लावून आपला संदेश हिंदी किंवा गोंडी भाषेत ध्वनिमुद्रित करतो. तो पडताळून पाहिल्यानंतर इतरांना ऐकण्यासाठी खुला होतो. त्यासाठी अक्षरओळख, महागडा संच किंवा इंटरनेट यांची आवश्यकता नसते. ज्या भाषेत छापील मजकूर नाही त्या भाषेतील माणूसही बातमीदार होऊ शकतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

धाराशिवसाठी हंगामनिहाय आराखडा

वरील विवेचनावरून असे दिसते की, कोणतेही एक माध्यम पुरेसे नाही. स्थलांतराच्या चक्राप्रमाणे माध्यम बदलले पाहिजे.

१) निघण्यापूर्वी (जून ते ऑक्टोबर) : उचल घेण्याचा काळ हाच निर्णयाचा काळ असतो. या वेळी ग्रामसभा, बचत गटांच्या बैठका व धाराशिव येथील आकाशवाणी केंद्र यांच्याद्वारे दर, उचल व खर्चीचा हिशोब, ओळखपत्र, मुलांचे वसतिगृह आणि शिधापत्रिकेची राज्याबाहेरील वैधता यांची माहिती मराठी व गोरमाटीत द्यावी. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेत कुटुंबाचा काही शिधा गावी व काही मुक्कामी घेता येतो, हे अनेकांसाठी महत्त्वाचे ठरेल.

२) फडावर (नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल) : मराठी, गोरमाटी, कन्नड व दखनी अशा चार भाषांत दूरध्वनी ध्वनिसेवा असावी. तीत वजनकाट्याच्या पावतीवरील कन्नड शब्दांचे अर्थ, जवळचा दवाखाना, १०८ व १०९८ या क्रमांकांचा उपयोग आणि डॉक्टर, शिक्षक व कारखान्याचा कर्मचारी यांच्याशी बोलण्यासाठी लागणारी मोजकी कन्नड वाक्ये असावीत. प्रत्येक टोळीत एक प्रशिक्षित संवाद सहायक असावी.

३) परतल्यावर (एप्रिल-मे) : टोळीनिहाय हिशोब-वाचन व्हावे. कोणी किती टन तोडले, किती उचल फिटली, कोठे अपघात झाला, कोणाचे मूल शाळेतून सुटले, याची नोंद कामगारांच्या तोंडून घेऊन ती ग्रामसभेपुढे ठेवावी. एका हंगामाचे शहाणपण पुढच्या हंगामाला मिळण्याचा हाच मार्ग आहे.

अशा तयारीची गरज टाळेबंदीने दाखवून दिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळावर अडकून पडले. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना गावी परतण्याची मुभा दिली. मधल्या काळात परराज्यातील फडावर असलेल्या माणसाला आपल्या भाषेतील अधिकृत माहिती देणारी एकही स्थायी यंत्रणा नव्हती.

मर्यादा व धोके

या आराखड्यातील अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिली अडचण स्त्रियांची आहे. घरातील भ्रमणध्वनी बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि पाचटाच्या खोपीत वीज नसल्याने तो चार्ज करण्यासाठी गावातील दुकान गाठावे लागते. दुसरी अडचण गुप्ततेची आहे. टोळीतील माणसाचा आवाज मुकादम सहज ओळखतो. तक्रार जशीच्या तशी प्रसारित झाली तर सक्षमीकरणाऐवजी त्या कुटुंबाची कोंडी होईल. म्हणून तक्रारीचा मार्ग व प्रसारणाचा मार्ग वेगळे असले पाहिजेत. तिसरी अडचण अशी की, सर्वच मुकादम एका साच्याचे नसतात. अनेक जण त्याच गावातील पूर्वीचे ऊसतोड कामगार असून कारखान्याची उचल बुडाल्यास तेही कर्जात बुडतात. त्यांना वगळून उभारलेली माहितीव्यवस्था फडावर टिकणार नाही. चौथा धोका म्हणजे उत्तर न देणारे माध्यम. प्रश्न नोंदवून घेतला व पुढे काहीच झाले नाही, असे दोन-तीनदा घडले की लोक बोलणे थांबवितात.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय प्राध्यापकवर्गापुढे मांडण्याचे कारण असे की, ऊसतोड कामगारांची मुले आपल्या वर्गात आहेत. नोव्हेंबरपासून हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे सलग गैरहजेरी पडते, त्यांतील काही विद्यार्थी आई-वडिलांच्या जागी कोयता घेऊन उभे असतात. ७५ टक्के हजेरीच्या नियमात त्यांना स्थान नाही. आपण त्यांना अनियमित विद्यार्थी म्हणतो. वास्तविक ते हंगामी स्थलांतरित आहेत. या दृष्टीने पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

१) प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच स्थलांतरित कुटुंबातील विद्यार्थ्यांची नोंद घ्यावी आणि हंगामात त्यांच्यासाठी अध्ययनसाहित्य, ध्वनिमुद्रित व्याख्याने व परीक्षेची स्वतंत्र सूचना-व्यवस्था करावी.
२) राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर फडावर किंवा स्थलांतर होणाऱ्या गावात घ्यावे व त्यात नोंदणी, शिधापत्रिका आणि हिशोब-साक्षरता हे विषय हाती घ्यावेत.
३) मराठी, हिंदी, उर्दू व कन्नड जाणणारे प्राध्यापक आणि गोरमाटी भाषक विद्यार्थी यांनी मिळून ऊसतोडीच्या कामापुरता बहुभाषिक ध्वनिकोश तयार करावा. तांड्यावरील विद्यार्थी या कामात शिकणारा नसून शिकविणारा असेल.
४) विद्यापीठाचे धाराशिव येथील उपपरिसर, तुळजापूर येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर व जिल्ह्यातील महाविद्यालये यांनी एकत्र येऊन दूरध्वनी ध्वनिसेवेचा प्रयोग एका तालुक्यापासून सुरू करावा. बीदर, कलबुर्गी व विजयपूर येथील महाविद्यालयांना त्यात सहभागी करून घ्यावे.
५) बाहेरून आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या कामगारांसाठीही हीच सेवा खुली असावी. जी अपेक्षा आपण कर्नाटकाकडून करतो ती प्रथम आपल्या तळावर पूर्ण केली पाहिजे.

निष्कर्ष

१) हंगामी स्थलांतरितांची दुर्बलता केवळ दारिद्र्यातून निर्माण होत नाही. माहिती व भाषा यांच्या अभावामुळे ती वर्षानुवर्षे टिकून राहते.
२) कायद्याने दिलेले हक्क राज्याची सीमा ओलांडतात, परंतु त्यांची माहिती ओलांडत नाही. ही दरी बहुभाषिक ध्वनिमाध्यमे भरून काढू शकतात.
३) माध्यम एकटे अपुरे आहे. त्यामागे गाव, बचत गट, संघटना व संवाद सहायक यांचा सामूहिक आधार असेल तरच माहितीचे रूपांतर हक्कात होते.
४) भूकंपानंतरच्या पुनर्वसनात या जिल्ह्यातील स्त्रियांनी संवादाचे जे प्रारूप उभे केले ते स्थलांतराच्या प्रश्नालाही लागू करता येण्यासारखे आहे.

भूकंप एकदाच झाला. त्याच्यासाठी गावोगाव संवाद सहायक नेमण्यात आल्या. ऊसतोडीचे स्थलांतर दरवर्षी दसऱ्यानंतर होते, त्याची तारीखही साधारण ठरलेली असते, तरीही त्याच्यासाठी तशी व्यवस्था नाही. पुढील हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने एका गावापुरती जरी ती उभी केली, तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू काही अंशी सफल होईल.